कोळशाच्या गावातलं फॅशनचं दुकान : बीमिश, १९१३

एडवर्डियन काळातली खरेदी म्हटली की सगळे लंडनला पोचतात. सेल्फ्रिजेस, हॅरॉड्स, बर्लिंग्टन आर्केड, पिसांच्या टोप्या घालून बग्गीतून उतरणाऱ्या बायका. मीही ते सगळं बघितलं, पण मनात राहिलं ते इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, डरॅम परगण्यातलं एक दुकान. तिथे येणारी बाई खाणकामगाराची बायको असायची.

बीमिश हे उघड्यावरचं संग्रहालय आहे. न्यूकॅसलहून बसने सहज जाता येतं. माझी वहिनी न्यूकॅसलला राहते, त्यामुळे सोबतीला ती होती. सातवा एडवर्ड १९०१ मध्ये गादीवर आला आणि १९१० मध्ये वारला, पण त्याच्या नावाचा काळ इंग्रज मंडळी पहिल्या महायुद्धापर्यंत ताणतात. बीमिशमधलं गाव १९१३ सालचं आहे, म्हणजे त्या काळाच्या अगदी शेपटाकडचं. ट्रॅममधून उतरलं की समोर दगडी इमारतींची रांग दिसते : दारूचा गुत्ता, बँक, दंतवैद्याचं घर, आणि को-ऑपरेटिव्ह स्टोअर. हे स्टोअर जवळच्याच ॲनफील्ड प्लेन नावाच्या खाणगावात होतं. तिथून ते उतरवून इथे आणून पुन्हा उभं केलं आहे.

आत किराणा, भांडीकुंडी आणि कापड असे तीन विभाग आहेत. किराण्याकडे मी फार थांबले नाही. साखर निळ्या कागदात बांधून द्यायचे एवढं लक्षात राहिलं. वहिनी तर सरळ कापडाकडेच गेली.

लांबच लांब लाकडी काउंटर, गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची, आणि मागे छतापर्यंत खण. खणांत ठाणं, खोक्यांत हातमोजे, लेस, फिती, बटणं. हाताला लागेल असं काहीही नाही. जे हवं ते मागायचं, मग विक्रेता काढून दाखवणार. खुर्चीवर बसलेल्या बाईला रिकाम्या हाताने उठायला किती जड जात असेल, हे मला तिथे बसल्यावर कळलं. आपल्याकडच्या जुन्या साडीच्या दुकानात दहा साड्या उलगडून झाल्यावर जे होतं, अगदी तेच.

कपडे बहुतेक शिवूनच घ्यायचे. घरी, नाहीतर गावातल्या शिवणाऱ्या बाईकडे. तयार मिळायचे ते ब्लाउज, परकर, अंग आवळून बांधायची कॉर्सेट, मुलांचे कपडे आणि टोप्या. पोट आत, छाती पुढे आणि कंबर मागे काढणारी एस आकाराची कॉर्सेट १९०० च्या सुमाराची. १९१३ पर्यंत ती मागे पडून बांधा सरळ, उभट झाला होता. ही फॅशन पॅरिसहून निघून लंडनमार्गे मासिकांतून आणि कागदी पॅटर्नांतून खाणगावात पोचायची. वर्ष-दोन वर्षं उशिरा पोचत असेल, पण पोचायची. कोळशाच्या धुळीत राहणाऱ्या बायकांना फॅशनशी काय देणंघेणं, असं आपल्याला वाटतं. रविवारी चॅपलमध्ये कोणाची टोपी कशी आहे हे सगळं गाव बघत असे!

टोप्यांचं प्रकरण मात्र काळंकुट्ट आहे. पांढऱ्या बगळ्याची विणीच्या हंगामातली पिसं त्या काळी वजनाला सोन्याहून महाग होती, आणि ती मिळवायला पक्षी मारावा लागे. याविरुद्ध मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईंनी १८८९ मध्ये बायकांचीच संघटना काढली. तिचीच पुढे पक्षिसंरक्षणाची मोठी संस्था झाली आणि १९०४ मध्ये तिला राजसनद मिळाली. भारतातून रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात १९०२ मध्ये बंद झाली. ब्रिटनने मात्र आयातबंदीचा कायदा करायला १९२१ साल उजाडू दिलं.

आता पैशाची गंमत. विक्रेता गल्ल्याला हात लावत नसे. चिठ्ठी आणि नाणी एका पोकळ लाकडी चेंडूत घालायची आणि चेंडू वर ओढून डोक्यावरच्या उतरत्या रुळावर सोडायचा. तो गडगडत रोखपालाच्या खोलीत जातो. तिथे हिशेब होऊन उरलेले पैसे आणि पावती त्याच चेंडूतून परत येतात. प्रत्येक काउंटरच्या चेंडूचा आकार वेगळा असतो, म्हणून परतीच्या रुळावरून तो बरोबर आपल्याच काउंटरवर उतरतो. वीज नाही, यंत्र नाही, नुसता उतार. पोशाख घातलेल्या कर्मचारी बाईंनी हे समजावून सांगितलं, तेव्हा शेजारची शाळकरी मुलं तोंड उघडी टाकून वर बघत होती. वहिनीही.

हिशेब पौंड-शिलिंग-पेनीत. २० शिलिंगांचा पौंड, १२ पेनींचा शिलिंग, ४ फार्दिंगांची पेनी. रुपये-आणे-पैवर वाढलेल्या आपल्या आजीला यात काही अवघड वाटलं नसतं. कापडवाल्यांना किंमत पावणेबारा पेनी ठेवायची फार हौस. शिलिंग दिला की एक फार्दिंग परत करायचा, पण बरेच दुकानदार त्याऐवजी टाचण्यांचं पाकीट हातात ठेवायचे. "अगं, म्हणजे सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट देतात तसंच की!" वहिनी म्हणाली.

पण या दुकानाचं खरं वैशिष्ट्य वेगळंच. ते गिऱ्हाइकांच्याच मालकीचं होतं. १८४४ मध्ये मँचेस्टरजवळच्या रॉचडेलला २८ जणांनी भागभांडवल गोळा करून दुकान काढलं, त्यांत विणकर बरेच होते. भेसळ नाही, वजनात मारणं नाही, रोखीने व्यवहार, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत. तीच पद्धत इथे होती. प्रत्येक सभासदाला क्रमांक असे. आईने दुकानात पाठवलं की पोरं तो घोकत जायची. काही महिन्यांनी खरेदीवर लाभांश मिळायचा. उत्तरेकडे पौंडामागे दोन-तीन शिलिंग मिळणं नवलाचं नव्हतं. मुलांचे बूट, घरधन्याचा रविवारचा सूट, एखादा ताटांचा सेट याच पैशांतून व्हायचा. नवऱ्याच्या पगारातून वेगळं काढावं न लागता बाईच्या हाती आलेली ही रक्कम होती. म्हणून मला ती टोपीपेक्षाही महत्त्वाची वाटते.

भांड्यांच्या विभागात एनॅमलची पातेली, न्हायचे पत्र्याचे टब, कपडे पिळायचं रुळांचं यंत्र, बिडाच्या इस्त्र्या, शेगडीला लावायचं काळं पॉलिश. खाणीवरून आलेला माणूस स्वयंपाकघरातच चुलीपुढे न्हायचा. घरात नवरा आणि दोन-तीन मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांत असले तर बाईचा सगळा दिवस पाणी तापवण्यात जायचा. जवळच्या खाणकामगारांच्या घरांत जाऊन आलात तर या विभागातली प्रत्येक वस्तू कशाला लागत होती ते उलगडतं. त्या घरांत डरॅमच्या प्रसिद्ध रजयाही बघा. अपघातात नवरा गेलेल्या बायका शेजारणींकडून दर आठवड्याला थोडेथोडे पैसे घेऊन अशा रजया शिवून द्यायच्या.

कापडाची ठाणं बघताना मला मात्र पुणं आठवत राहिलं. लँकेशायरच्या गिरण्यांतलं असंच कापड आपल्याकडे येत होतं, आणि १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात त्याची होळी झाली. फर्ग्युसनमध्ये शिकणारे सावरकर त्यात पुढे होते, टिळक हजर होते. त्याच सुमारास मुंबईत स्वदेशी मालासाठी दुकान निघालं, बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स. म्हणजे विणकरांच्या देशाचं कापड नाकारायला निघालेल्यांनीही दुकानाच्या नावात 'को-ऑपरेटिव्ह' हा रॉचडेलच्या विणकरांचाच शब्द घेतला. गंमत एवढ्यावर थांबत नाही. १८७१ मध्ये लंडनच्या लष्करी अधिकाऱ्यांनी दारू घाऊक भावात मिळावी म्हणून आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी काढली. तिचा कॅटलॉग पुढे हजारावर पानांचा झाला. तंबूपासून कॉर्सेटपर्यंत सगळं त्यात. मुंबईत तिची शाखा १८९१ मध्ये उघडली. काळा घोड्याला डेव्हिड ससून वाचनालयाजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग ती हीच. मी कॉलेजात असताना तिच्यासमोरून कितीदा गेले असेन, पण हा संबंध बीमिशच्या काउंटरवर बसल्यावर जुळला.

लंडनबद्दल थोडक्यात. सेल्फ्रिजेस १५ मार्च १९०९ ला उघडलं. मालक हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज शिकागोच्या मार्शल फील्ड्स या मोठ्या दुकानात तयार झालेला. त्याने माल खणांतून काढून गिऱ्हाइकासमोर मांडला. बघा, हात लावा, नाही घेतलंत तरी चालेल. त्याच वर्षी जुलैत फ्रेंच वैमानिक ब्लेरिओ विमानाने इंग्लिश खाडी ओलांडून आला, तर याने ते विमानच दुकानात आणून ठेवलं आणि बघायला लोटालोट झाली. आज तिथे शिरताना जी मोकळीक वाटते ती तेव्हा नवी होती. आज तिथला अत्तरांचा भपका मात्र मला पाच मिनिटांत बाहेर काढतो.

बीमिशबद्दल एक तक्रार आहे. सगळं फार चकचकीत आहे. त्या काळी मोठ्या कापडदुकानांतली विक्रेती मुलं-मुली बरेचदा दुकानाच्याच माडीवर राहायची. पगारातून राहण्याजेवण्याचे पैसे कापले जायचे, बारीकसारीक चुकांना दंड असायचा. आठवड्याला अर्धा दिवस सुट्टीचा हक्क १९११ च्या कायद्याने मिळाला. अशाच दुकानांत उमेदवारी केलेल्या मार्गरेट बाँडफील्ड १९२९ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या महिला कॅबिनेट मंत्री झाल्या. काउंटरपलीकडच्या माणसांची ही बाजू मला तिथे कुठे ठळकपणे दिसली नाही.

जाणार असाल तर सकाळी आधी को-ऑप गाठा, नंतर शाळांच्या सहली येतात. तिकीट वर्षभर चालतं, त्यामुळे एका दिवसात सगळं उरकायची घाई नको. कापडाच्या काउंटरवरची लेस विकायला नाही, हे वहिनीला दोनदा सांगावं लागलं. शेवटी तिने मिठाईच्या दुकानातून पुदिन्याच्या काळ्या गोळ्या घेतल्या, त्याही रांगेत उभं राहून.