कोबीवरचे पिवळे कोश

आज सकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवर कोबीच्या पानावर ती काळ्या ठिपक्यांची अळी दिसली. चिमट्यानं उचलणार, तर तिच्या अंगाखाली पिवळ्या रेशमी कोशांचा झुबका! आई म्हणाली, "अगं, अंडी घातलीत तिनं, चिरड!" अळी कुठली अंडी घालतेय? ती तर फुलपाखराचं पोर. हे कोश कोटेशिया नावाच्या, मुंगीएवढ्या गांधीलमाशीचे. ती अळीच्या अंगात अंडी घालते. पिल्लं आतून अळीला खात वाढतात, मग कातडी फोडून बाहेर येतात आणि कोश विणतात. अळी अर्धमेली, तरी कोशांवरच बसलेली, जणू राखणीला. शिसारी आली, खरं सांगते. आईच्या हातातला फवारा काढून घेतला. ग्वाल्हेरच्या थंडीत माश्या कधी बाहेर पडतात, बघू. आज भाजी बटाट्याची.