त्याच्या भावाचं मी विचारलंच नाही
आज मित्राशी कडाक्याचं वाजलं. "बाहेरून माणसं आली की मजुरी पडते," तो म्हणाला. मी अमेरिकेतल्या मायामी शहराचं उदाहरण दिलं. १९८० मध्ये क्यूबातून काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख माणसं फ्लोरिडात आली, मायामीतले कामगार जवळपास ७ टक्क्यांनी वाढले, तरी अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना मजुरीवर फारसा परिणाम दिसला नाही. आलेला माणूस खर्चही करतो, त्यातून कामं निघतात.

जॉर्ज बोर्हास या दुसऱ्या अर्थतज्ज्ञांनी तेच प्रकरण पुन्हा तपासलं, तेव्हा शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी बरीच घसरलेली दिसली, हे मात्र मी सांगितलं नाही. (त्यांनी तपासलेल्या कामगारांचा नमुना फार लहान होता, हा आक्षेप मला पटतो. तरीही सांगायला हवं होतं.) मित्राचा भाऊ आठवीतून शाळा सुटलेला, रोजंदारीवर. उद्या फोन करते.