ओटीपोटाच्या रेडिएशनची तयारी आणि त्यातले त्रास : आक्काच्या उपचारांतून शिकलेले

माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी बेळगावात रेडिएशन घेतले, आणि तेव्हापासून खानापूर, निपाणी आणि हद्दीपलीकडच्या चंदगड तालुक्यातूनही ओळखीच्या-अनोळखी बायका माझ्याकडे चौकशी करतात. रुग्णालयात मिळणारी माहितीपत्रके आम्हाला तरी कन्नड आणि इंग्रजीतच मिळाली, आणि आमच्या घरांतल्या पन्नाशी-साठीच्या बायका शिकल्या त्या मराठी शाळेत. डॉक्टर मराठीत समजावून सांगतात, पण घाबरलेल्या माणसाच्या लक्षात त्यातले थोडेच राहते. शिवाय शरीराच्या ज्या भागाविषयी आयुष्यभर कुणाशी बोलणे झालेले नसते, त्याविषयी प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही. म्हणून आक्काच्या संमतीने हे सविस्तर लिहीत आहे.

माझे मुख्य सांगणे असे की, या उपचारांतले बहुतेक त्रास डॉक्टरांना आधीपासून ठाऊक असतात, ते साधारण कोणत्या आठवड्यात सुरू होतील याचाही अंदाज असतो आणि त्यांतल्या बऱ्याचशांवर औषध असते. बाई ते लपवते तेव्हा ते वाढतात, मग एखाद्या सकाळी ती ‘आज नको जाऊया’ म्हणते आणि उपचारांत खंड पडतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिले जाणारे रेडिएशन सहसा आठवड्यातून ५ दिवस, एकूण २५ ते २८ वेळा दिले जाते. त्याच्या अखेरीस किंवा त्यानंतर आतून दिली जाणारी ब्रॅकीथेरपी असते, आणि हे सारे मिळून ८ आठवड्यांच्या आत संपावे असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो, कारण उपचार लांबले तर कर्करोगाच्या पेशींना पुन्हा वाढायला अवधी मिळतो. त्रास सांगायचा तो एवढ्यासाठी, की त्यामुळे उपचार वेळेत पूर्ण होतात.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. कर्नाटकातले रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र कार्ड इकडचे, मुलगा कोल्हापुरात नोकरीला आणि ओळखीचे डॉक्टर मिरजेत, अशी आपल्या सीमाभागातल्या पुष्कळ घरांची स्थिती असते. कोणत्या राज्याच्या कार्डावर, कोणत्या रुग्णालयात आणि कोणाकडे राहून उपचार घ्यायचे, हे पहिल्या दिवसाआधी ठरवावे. रेडिएशनचा आराखडा त्या त्या रुग्णासाठी आणि त्या त्या यंत्रावर बेतलेला असतो, त्यामुळे मध्येच रुग्णालय बदलणे अवघड जाते. बेळगावात जानेवारी २०२५ मध्ये केएलई संस्थेच्या स्वतंत्र कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले, तेव्हा निदान बेळगाव-खानापूरच्या रुग्णांनी हुबळी किंवा मिरजेला जायचे ठरवण्याआधी इथे चौकशी करायला हरकत नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. रुग्णाबरोबर बहीण किंवा सून जात असेल तर दोघींचाही रोजचा खर्च वाचतो. विभागाला आपल्या बसची वेळ सांगून रोजची एकच ठरावीक वेळ मागून घ्यावी.

आता मूत्राशयाविषयी, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. आधी सीटी स्कॅन करून आराखडा ठरवला जातो आणि कातडीवर खुणा केल्या जातात. त्या स्कॅनच्या वेळी मूत्राशय जेवढे भरलेले आणि गुदाशय जेवढे रिकामे असेल, तेवढेच ते पुढे रोज असावे लागते. भरलेले मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलते, त्यामुळे आतड्यावर कमी किरण पडतात. गुदाशयात मळ किंवा वायू साठला तर गर्भाशयच जागचे हलते. पण खानापूरहून बेळगावपर्यंतचे सुमारे २५ किलोमीटर गर्दीच्या बसमध्ये लघवी दाबून बसणे कुणालाच जमणारे नाही, आणि त्याची गरजही नसते. रुग्णालयात पोहोचल्यावर लघवीला जाऊन यावे, मग विभागाने सांगितले असेल तेवढे पाणी (बहुधा अर्ध्या लिटरच्या आसपास) मापाच्या बाटलीतून प्यावे आणि सांगितला असेल तेवढा वेळ थांबावे. आमच्या इथे रांग लांबली की आक्काला धरवत नसे; अशा वेळी तंत्रज्ञाला जाऊन स्पष्ट सांगावे, संकोचाने अर्धवट रिकामे करून गप्प बसू नये. पोट साफ होत नसेल तर तेही आधीच सांगावे म्हणजे सौम्य रेचक मिळते, आणि पावटा, हरभरा, कोबी यांसारखे वायू करणारे पदार्थ या काळात टाळलेले बरे. कातडीवरच्या खुणा घासू नयेत, आणि पुसट झाल्या तर घरी पेनाने गिरवू नयेत.

दर आठवड्याला रक्त तपासतात. हिमोग्लोबिन कमी असले तर ते उपचारांआधी आणि उपचारांदरम्यान भरून काढतात, कारण रक्तक्षय असताना रेडिएशनचा परिणाम कमी होतो. रेडिएशनबरोबर बहुतेकींना आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध सलाईनमधून देतात. त्याचा मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून घरचे काढे, भस्मे आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. तंबाखू आणि मिशरी सोडावी, आणि ते एकटीला जमत नसेल तर तसेही डॉक्टरांना सांगावे. वयाने लहान असलेल्या बाईची पाळी या उपचारांनी कायमची थांबते आणि पुढे मूल होण्याची शक्यता राहत नाही. त्याविषयीचे प्रश्न पहिल्या दिवसाआधीच विचारायला हवेत, नंतर उपाय उरत नाही.

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू होतात. किरणांमुळे आतड्याच्या आतले अस्तर सुजते आणि अन्नातला चोथा, तिखट आणि कधी कधी दूधही त्याला सोसत नाही. एरवी पौष्टिक म्हणून आपण ज्यांचा आग्रह धरतो ती नाचणीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी आणि कच्ची काकडी या काळापुरती बाजूला ठेवावी लागते, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवून द्यायला वेळ लागतो. आक्काला सोसले ते मऊ भात, भाताची मीठ घातलेली पेज, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, पिकलेले केळे, उकडलेला बटाटा, अंडे आणि ताजे ताक. भेटायला येणारी माणसे प्रेमाने कुंदा आणत. खवा आणि साखर यांनी जुलाब वाढत, म्हणून दाजींनी सर्वांना फोन करून कुंद्याऐवजी शहाळी आणायला सांगितले. दिवसाला नेहमीपेक्षा किती वेळा अधिक जावे लागले, हे वहीत लिहून ठेवावे, कारण औषध द्यायचे की सलाईन लावायचे हे डॉक्टर त्या आकड्यावरून ठरवतात. ओआरएस घरात असावे. जुलाब थांबवण्याची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, पण डॉक्टरांनी लिहून दिल्यावर भीतीने टाळूही नये. ताप, शौचावाटे रक्त, चक्कर किंवा दिवसभर लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

लघवीच्या जळजळीसाठी चहा कमी करून दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे, आणि जंतुसंसर्ग नाही ना हे लघवी तपासून पाहावे.

कातडीचा त्रास जांघेत आणि नितंबांमधल्या घडीत होतो, तोही उपचारांच्या उत्तरार्धात. आमच्याकडच्या वयस्क बायका अजून लुगडे नेसतात, आणि त्याचा कासोटा नेमका त्याच जागी घासतो. म्हणून या दोन-अडीच महिन्यांसाठी सैल सुती गाऊन किंवा सुती परकर वापरावा. स्वच्छ टबात कोमट पाणी घेऊन त्यात दहा-पंधरा मिनिटे बसल्याने खूप आराम पडतो, मात्र कातडी फुटली असेल तर आधी विचारून घ्यावे. नंतर मऊ पंच्याने टिपून कोरडे करावे, चोळू नये. सुवासिक साबण, पावडर, हळदीचा लेप आणि केस काढणे हे सर्व वर्ज्य समजावे. ओटीपोट दुखते म्हणून मिठाची पुरचुंडी किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवून शेक घेण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. किरणांनी नाजूक झालेल्या कातडीला त्याने भाजू शकते. मलम विभागाने दिलेलेच लावावे, आणि रेडिएशनला जाण्याआधी ते लावायचे की नाही हेही विचारावे.

थकवा सर्वांना येतो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे टिकतो. म्हशींचे काम दाजींनी पुतण्यावर सोपवले आणि स्वयंपाकाचा काही भाग स्वतः उचलला. घराघरांत ही वाटणी आधीच झालेली असावी.

गावात एक भीती मोठी असते, की रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडतात. बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिएशननंतर शरीरात काहीही उरत नाही. आतापर्यंत आमच्या पाहण्यात आलेल्या पद्धतीच्या ब्रॅकीथेरपीत, म्हणजे योनीमार्गातून नळ्या बसवून दिल्या जाणाऱ्या उपचारात, किरणोत्सारी स्रोत प्रत्येक वेळी काम झाल्यावर बाहेर काढून घेतात, म्हणून तेथून घरी आल्यावरही कुणाला धोका नसतो. त्या वेळी वेदना होऊ नयेत म्हणून भूल किंवा गुंगीचे औषध देतात. नातवंडांना मांडीवर घ्यावे, एका ताटात जेवावे. वेगळी भांडी ठेवून बाईला एकटे पाडू नये.

आता ज्याविषयी कुणीच बोलत नाही ते. रेडिएशननंतर योनीमार्ग कोरडा पडतो आणि हळूहळू आखडून अरुंद होऊ शकतो. तसे होऊ नये म्हणून उपचारांनंतर काही आठवड्यांनी, आतली सूज उतरल्यावर, डायलेटर नावाचे गुळगुळीत साधन पाण्याच्या आधाराचे वंगण लावून आठवड्यातून काही वेळा वापरायला सांगतात. केव्हा सुरू करायचे आणि किती काळ, हे डॉक्टर ठरवतात. विधवा किंवा वयस्क बाईला ‘तुला आता याचा काय उपयोग’ असे म्हटलेले मी ऐकले आहे, आणि ते मला फार लागले. आजार परतला नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टरांना पुढची कित्येक वर्षे आतून तपासणी करावी लागते, आणि मार्ग आखडला तर ती तपासणी वेदनेची होते. शिवाय संसार चालू असलेल्या जोडप्याचे सुख हीही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. नवऱ्यालाही डॉक्टरांसमोर बसवून हे सांगितले जावे, कारण संबंधातून आजार वाढेल किंवा आपल्याला लागेल, असे मनात धरून तो दूर राहतो आणि बाई त्याचा वेगळाच अर्थ लावते.

काही त्रास महिन्यांनी किंवा वर्षांनी येतात : शौचातून रक्त, लघवीतून रक्त, पायाला सूज, कमरेच्या हाडांचे दुखणे. रक्त दिसले की मूळव्याध समजून वैदूकडे जाऊ नये. रेडिएशन झालेल्या गुदाशयाचा तुकडा विनाकारण तपासणीसाठी काढला तर जखम न भरण्याचा धोका असतो, म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरला आधी सांगावे की आपल्याला ओटीपोटावर रेडिएशन झालेले आहे. उपचार संपताना मिळणाऱ्या कागदावर एकूण मात्रा, किती वेळा दिली आणि तारखा लिहिलेल्या असतात. त्याच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, एक स्वतःजवळ आणि एक मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवावी, आणि दर तपासणीला मूळ कागद बरोबर न्यावा.