पालथ्या हातावरचा भरीव पट्टा: चोर सापडला

मंडळी, पुतणीच्या मंगळागौरीची मेंदी फसली आणि त्यानंतरचे १७ दिवस मी त्या एकाच गोष्टीच्या मागे आहे. आता उत्तर पक्कं झालं, म्हणून चहा बाजूला ठेवून लिहायला बसले.

रविवारी संध्याकाळी मेंदी काढली, मंगळवारी पूजा. तळहात नेहमीसारखे झकास रंगले. पालथ्या हातावर मनगटाजवळ दोन बोटं रुंदीचा भरीव पट्टा होता, मधे कोयऱ्या कोऱ्या सोडून. सोमवारी सकाळी खरवडली तेव्हा सगळं सारखं केशरी दिसलं, म्हणून निश्चिंत होते. मंगळवारी रंग पिकल्यावर बघते तर कडेच्या रेघा गडद तपकिरी आणि आतला भराव डागाडागांचा, ओल आलेल्या भिंतीसारखा. पोर काही बोलली नाही. पूजेला बसताना तिने हिरवा चुडा पुढे सरकवून तो पट्टा झाकला, ते मात्र मला दिसलं.

पहिला संशय पुडीवर गेला. ही राजस्थानातल्या सोजतची, पावसाळ्यानंतरच्या तोडीची पूड. पण त्याच कोनातून काढलेले तळहात रंगले होते, म्हणजे पूड निर्दोष. खरी अडचण कातडीच्या जाडीची आहे. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य रंगवतं ते कातडीच्या वरच्या मृत थरातल्या केराटिन या प्रथिनाला. तळहात-तळपायाला हा थर जाड असतो, तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं. पालथ्या हाताला तो पातळ, म्हणून प्रत्येक चूक उघडी पडते.

मग डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, २ सेंटीमीटरचे ६ चौकोन आखले. मेंदी सगळीकडे एकाच घाण्याची. प्रमाण तुम्हाला पाठ आहे: १०० ग्रॅम वस्त्रगाळ पूड, ३० ग्रॅम साखर, ३० मिली टी ट्री तेल, भिजवायला निम्मा लिंबाचा रस आणि निम्मं पाणी. (पूर्ण लिंबाचा रस मी सोडला. कातडी कोरडी पडते, खाजते, आणि रंग त्याने वाढत नाही. आंबटपणामुळे रंग सावकाश सुटतो आणि जास्त वेळ टिकून राहतो, त्याला निम्मा रस पुरतो.)

पहिला चौकोन नुसता साबणाने धुतलेला, जाड थर. दुसऱ्यावर आदल्या रात्री हँड क्रीम चोपडलं, सकाळी नुसतं पाण्याने धुतलं. तिसऱ्यावर आधी खोबरेल. चौथ्यावर पातळ थर, पंख्याखाली. पाचव्यावर जाड थर आणि वरून लिंबू-साखरेचं पाणी. सहाव्यावर चौथ्यासारखाच पातळ थर, पण वरचा भाग कोरडा झाल्यावर औषधांच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी लावून बंद केला. सगळे ८ तास ठेवले.

दोन दिवसांनी खिडकीशी उजेडात बघितलं. क्रीमचा चौकोन बारीक ठिपक्यांचा आला. खोबरेलचा एकसारखा, पण फिका. पाचव्याचं पाणी श्रावणाच्या दमट हवेत वाळलंच नाही, ओघळून कड पसरली. चौथा पाहिल्याबरोबर ओळखला: तोच पुतणीचा पट्टा, तेच डाग. आणि सहावा? पहिल्या जाड थराइतका गडद, कडेपासून मधापर्यंत एकसारखा. मी मुलाला बोलावून दाखवला. त्याला दोन्ही चौकोन सारखेच वाटले, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

म्हणजे चोर पंखा होता. मेंदी ओली असते तोवरच रंग कातडीत शिरतो. कडेची रेघ कोनातून जाड दोरीसारखी पडते, ती तासन्‌तास आतून ओली राहते. भराव मात्र मी ब्रशने पसरून सपाट करत होते, दिसायला छान म्हणून. तो १५-२० मिनिटांत वाळून पापुद्रा होत होता आणि तिथेच रंग थांबत होता. इतकी वर्षं हे लक्षात आलं नाही, कारण तळहाताने कधी दाखवलंच नाही.

लगेच ब्रश बाजूला ठेवला. आता भराव कोनातूनच, रेघेला रेघ चिकटवून भरायचा. वेळ दुप्पट लागतो, मेंदीही जास्त जाते, पण थराची जाडी कडेइतकीच राहते. साखर पावसाळ्यापुरती २० ग्रॅमवर आणली. दमट हवेत ३० ग्रॅमची मेंदी सुटून ओघळते. मे महिन्यात पुन्हा ३०.

चिकटपट्टी थेट लावली तर लव उपटते आणि नक्षीही फिसकटते. आता तासभर थांबते, हात लावून चिकट लागेनासं झालं की वर टिश्यू पेपरची एक घडी आणि मग पट्टी. पट्टी साधी कागदीच घ्या. प्लॅस्टिकची चकचकीत चिकटपट्टी आतला घाम धरून ठेवते आणि सकाळी सगळं लिबलिबीत होतं, तेही करून पाहिलं.

हे लिहिता लिहिता लंडनच्या मावसबहिणीचं बोलणं आठवलं. ती उन्हात न बसता क्रीम लावून कातडी सावळी करून घेते. ते क्रीमही याच मृत थराला रंगवतं आणि तिचीही तक्रार हीच: कोपर, घोटे, बोटांचे सांधे, म्हणजे जिथे कातडी कोरडी आणि जाड, तिथे रंग जास्त धरतो. ती आदल्या दिवशी अंग घासून घेते, त्या दिवशी नाही. माझ्या पुतणीच्या बोटांच्या सांध्यांवरही रंग दोन छटा गडद होता! म्हणजे नुसता थर सारखा करून भागणार नाही, खालची कातडीही सारखी करायला हवी. तेव्हा पुढचा प्रयोग बदलला. लवंगांच्या धुरीची तुलना करणार होते, ती मागे. (माझ्या मते धुरीत काम करते ती ऊब. हात गार असतील तर रंग कमीच चढतो, लवंग असो वा नसो.) आधी एका हाताला आदल्या संध्याकाळी मसुराच्या रवाळ पिठाने हलकं घासायचं, दुसऱ्याला नाही.

टिकण्याबद्दल थोडं. रंग जातो तो धुपून नाही, तो थरच गळून पडतो म्हणून. त्यामुळे नंतरची घासाघीस टाळायची, पहिले २४ तास पाणी नाही आणि पुढे आंघोळीआधी खोबरेल. आधी माझ्या पालथ्या हाताची मेंदी ८ दिवसांत ओसाड व्हायची, या वेळचे चांगले दोन चौकोन बाराव्या दिवशीही नीट वाचता येत होते.

पुडीबद्दल एकच. गेल्या महिन्यात एका दुकानदाराने 'ताजी' म्हणून दिलेली पूड डोळ्यांना पोपटी हिरवी होती. गाळताना दाताखाली यावी तशी कचकच लागली, तळाशी रेती. हिरव्या रंगावर जाऊ नका. चमचाभर भिजवा, पांढऱ्या टिश्यूवर थेंब ठेवा आणि कडेने केशरी वलय किती फुटतं ते बघा. आणि दहा मिनिटांत काळी रंगणारा, रॉकेलसारखा वास येणारा तयार कोन लेकीसुनांच्या हाताला लावू नका. काळ्या मेंदीत बहुतेक वेळा केस रंगवण्याचं पीपीडी हे रसायन असतं, त्याने फोड येतात आणि ती ॲलर्जी जन्मभर राहू शकते.

श्रावणातला शेवटचा मंगळवार अजून हातात आहे. पुतणीला फोन केला, "काकू, पट्टाच काढ," म्हणाली. पूड भिजवून तांदळाच्या डब्याशेजारी उबेला ठेवली आहे, सकाळी रंग सुटला की ओढणीतून गाळून कोन भरते. ६ कोन फ्रीजरमध्ये जातील, म्हणजे घासलेला आणि न घासलेला हात एकाच घाण्यावर तपासता येईल.