तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाला इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगला घालू का?

बारावीचे निकाल लागले की ओळखीतल्या आई-बापांचे फोन सुरू होतात. "ते तुमचं इंडस्ट्रियल म्हणजे नक्की काय हो? मुलाला घालू का?" मेकॅनिकलची जागा हुकली तर, हे त्यातलं न बोललेलं वाक्य मला बरोबर ऐकू येतं.

मेकॅनिकलवाला मशीन बघतो. आम्ही मशीन, माणूस, माल आणि वेळ यांची एकत्र मोट बांधतो. माझी बहुतेक नोकरी भोसरी-चाकण पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत झाली, म्हणून तिथलंच सांगतो.

असेंब्ली लाइनवर एक स्टेशन, म्हणजे एका माणसाची कामाची जागा आहे. मी स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो, बरेच नग मोजतो, सरासरी येते 50 सेकंद. ऑपरेटर रोज याच वेगाने काम करतो, की मला बघून हात आखडता घेतोय? हे ओळखून त्याच्या वेगाला आम्ही रेटिंग देतो; सर्वसाधारण वेग म्हणजे 100, हात आखडला तर त्याहून कमी. मी 90 दिलं तर मूळ वेळ 45 सेकंद. त्यावर थकवा, पाणी, लघवी यांची सवलत समजा 15 टक्के, म्हणजे 51.75 सेकंद. 450 मिनिटं हाताशी असलेल्या शिफ्टमध्ये 521 नग. तेच रेटिंग 100 दिलं असतं तर वेळ 57.5 सेकंद आणि नग 469. एका माणसामागे शिफ्टला 52 नगांचा फरक, आणि तोही माझ्या नजरेच्या भरवशावर. हाच आकडा पुढे नॉर्म, म्हणजे शिफ्टला अपेक्षित नग म्हणून वेतन कराराच्या टेबलावर जातो. गणित सहावीतलं पोरगंही करेल. 90 की 100 हे ठरवायला त्या कामाशेजारी उभं राहून पाय दुखावे लागतात, आणि युनियनचा माणूस "साहेब, तुम्हीच करून दाखवा" म्हणाला तर बाह्या सरसावाव्या लागतात.

कामाला घड्याळ लावणारा अमेरिकन इंजिनीअर फ्रेडरिक टेलर या विषयाचा बाप मानला जातो. मला त्याच्यापेक्षा फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे अमेरिकन जोडपं जवळचं वाटतं. फ्रँकने गवंडीकामापासून सुरुवात केली. एक वीट बसवायला लागणाऱ्या 18 हालचाली त्याने 5 वर आणल्या. गवंड्याला "हात चालव" असा दम देऊन हे झालं नाही. विटा कमरेच्या उंचीवर येतील अशी वर-खाली होणारी परांची त्याने केली, त्यामुळे दर विटेला वाकणं थांबलं. लिलियन मानसशास्त्रात पीएचडी होती, हेही मुलांना मुद्दाम सांगतो.

आपल्याकडेही असे गिलब्रेथ लाइनवर असतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. एका स्टेशनवरच्या ताईंनी नटांच्या ट्रेखाली रिकामा क्रेट उपडा घातला होता. ड्रॉइंगमध्ये तो क्रेट नव्हता, म्हणून ऑडिटच्या आदल्या दिवशी सुपरवायझर तो उचलून ठेवायचा आणि ऑडिटर गेटबाहेर पडला की तो पुन्हा जागेवर यायचा. ट्रे हाताशी आल्यामुळे दर नगाला एक वाकणं वाचत होतं. अशा ठिकाणी आमचं काम एवढंच, की त्या उंचीचा धड स्टँड बनवून घ्यायचा आणि तो ड्रॉइंगमध्ये चढवायचा. त्यासाठी "ताई, हा क्रेट कशाला?" असं विचारावं लागतं, आणि ताईंनी खरं उत्तर द्यावं इतपत त्यांचा विश्वास असावा लागतो. आता हाच वाचलेला वेळ दाखवून कंपनी नग वाढवून मागते, तेव्हा तो विश्वास टिकवणं सोपं नाही. मॅनेजमेंटला आम्ही कामगारांकडे झुकलेले वाटतो आणि कामगारांना साहेबांचे हेर. हे ज्याला सोसवणार नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

शिक्षणाचं फार डोकं खाऊ नका. या खात्यात मेकॅनिकल आणि प्रॉडक्शन करून आलेलेच पुष्कळ. पदवीनंतर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत एमटेक करता येतं. पवईला विहार तलावाजवळ 1963 मध्ये सुरू झालेली निटी ही याच विषयाची संस्था होती, तिचं 2023 मध्ये आयआयएम मुंबई झालं. पदवीत संख्याशास्त्राचा पेपर मात्र ढकलू नका, पुढे तोच रोज लागतो. आणि कारखानाच पाहिजे असंही नाही. भिवंडीच्या गोदामांत, मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत, विमानतळावर हेच गणित चालतं.

पगार? सुरुवातीला सॉफ्टवेअरमधल्या मित्रापेक्षा कमीच, उगाच कशाला खोटं सांगू. पहिली काही वर्षं शिफ्ट, सेफ्टी शूज आणि सहा दिवसांचा आठवडा. भोसरीत लागला तर साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, हे त्याच्या कानावर आत्ताच घालून ठेवा.