गिरणीतून आलेलं पीठ

मे महिन्यातली ऑर्डर. मुंबईचा सात वर्षांचा मुलगा, सीलिअ‍ॅकचा (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतडं बिघडतं तो आजार), आणि वाढदिवस वेंगुर्ल्यात आजोळी. आईची एकच अट होती: "त्याच्यासाठी वेगळी वाटी नको. येतील ती पन्नास माणसं हाच केक खातील." माझा धंदा या वाक्यावरच चालतो. म्हणजे ग्लुटेन नको, आतडं अजून पुरतं बरं न झाल्यामुळे दूध सोसत नाही म्हणून तेही नको, आणि दोघी मावश्या अंडं खात नाहीत.

आदल्या दिवशी सकाळीच मुलाची आजी रिक्षातून उतरली, काखेत स्टीलचा डबा. "गो बाय, ह्या आमच्या घरच्या तांदळाचा पीठ. नातवाच्या केकात ह्याच घाल."

झाकण काढलं. लालसर पीठ, दळणाची ऊब अजून गेली नव्हती.

"आजी, दळलंत कुठे?"

"खंय म्हणजे? गावच्या गिरणीत."

"तिथे गहू दळतात?"

"दळतत तर. पण आमचे तांदूळ येगळे दळले."

इथेच गोची होते. लोकांना वाटतं, मैदा काढला, तांदूळ घातला, झालं. पण गिरणीच्या दगडांत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत आधीच्या दळणातली कणीक राहतेच. ग्लुटेन-फ्री म्हणवून घ्यायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, आणि किलोभर पिठात चिमूटभर कणीकसुद्धा ती मर्यादा ओलांडते.

मी नाही म्हटलं. आजींचा चेहरा उतरला नाही, चढला. "आमच्या घरचा खावन कोणाक काय झाला नाय!"

"तांदूळ शिल्लक आहेत? दाणे?"

दुपारी आजींचा मुलगा तांदूळ टाकून गेला. निवडले, धुतले, पंख्याखाली पसरले. मेमधल्या दमट हवेत ते वाळेनात, म्हणून शेवटी मंद ओव्हनमध्ये. मग घरघंटीत दळले. तिच्यात गहू कधीच गेलेला नाही. आमच्या पोळ्यांची कणीक बाहेरून दळून येते आणि या खोलीत येत नाही. आजी स्टूलावर बसून सगळं बघत होत्या. रवाळ पीठ, नारळाचं दूध, गूळ, आंब्याचा रस, चिकटपणाला इसबगोल. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "ही तर सांदणा!" जवळजवळ तेच.

क्रीमचा प्रश्नच नव्हता. दुधाचं चालणार नाही, आणि नारळाच्या क्रीममधली चरबी 24 अंशांच्या आसपास वितळते. आमच्याकडे मेमध्ये ती रिक्षातच ओघळली असती. वर आंब्याच्या रसाचा चायना ग्रासने गोठवलेला थर दिला. नाव लिहिलं ताज्या रातांब्यांच्या रसाने, पण फक्त त्या थरावर. खालच्या केकातला सोडा लागला की तो लाल रंग जांभळट-करडा होतो आणि केक आजारी दिसतो.

खाली पोफळीच्या विरीचं, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाचं, तबक. सजावटीच्या थर्माकोलला 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहेच, पण त्याच्या कितीतरी आधीपासून मी तो बंद केलाय. पावसात किनाऱ्यावर काय येऊन पडतं ते बघतो ना आम्ही. प्लॅस्टिकची सुरीही देत नाही. सुरी घरची घ्या, फक्त पाव कापलेली नको, एवढं बजावलं.

केक संपला, मुलाला त्रास झाला नाही. आठवड्याने आजींचा फोन. "गो बाय, हिंगाच्या डबयेर गव्हाचा पीठ लिवलाहा. हिंगात गहू खंयसून इलो?"

बाजारातल्या बहुतेक बांधानी (पीठ-डिंक मिसळलेल्या) हिंगात असतंच, सांगितलं.

"मगे आमटीक काय घालू?"

"लसूण घाला, आजी."