तुळईचं टोक

परवा रविवारी नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात जाऊन आले. ‘आमचा’ म्हणायचं ते सवयीनं, आम्ही भाडेकरू. पहिल्या चौकात डाव्या हाताला दोन खण, त्यात आम्ही सहा जण. लग्न होऊन मी तिथूनच बाहेर पडले. आता वाड्यात कोणीच राहत नाही. दिंडी दरवाजाला साखळदंड आणि शेजारी भिंतीवर ‘धोकादायक’ अशी नोटीस. किल्ली मालकांच्या सूनबाईंकडून मागून घेतली. “ताई, माजघराच्या पलीकडे जाऊ नका हं, तिथला कडीपाट खाली आलाय,” म्हणाल्या.

मागचा चौक मी कधी पाहिलाच नाही. तो 12 जुलै 1961 ला पानशेतच्या पुरात गेला. बाबा तेव्हा 19 वर्षांचे. ते सांगायचे, पाणी चढलं तेव्हा भिंत उभीच होती. पडली ती पाणी ओसरल्यावर. या भिंती खाली भाजक्या विटांच्या, वर पांढऱ्या मातीच्या. पावसाची झड त्या वर्षानुवर्षं सोसतात, पण पाण्यात बुडून राहिल्या की आतून विरघळतात. पुढचा चौक वाचला तो उंच दगडी जोत्यामुळे. मागचा मालकांनी परत बांधला नाही. तिथं पारिजातक उगवला, आणि आम्ही मुलं त्याखाली फुलं वेचायचो. ती पडझड आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मालकांकडे तेव्हा बांधायला पैसा नव्हता. मुळशीकडची त्यांची शेती कुळकायद्यानं कसणाऱ्यांच्या नावावर झाली होती. उरलं वाड्याचं भाडं. ते 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जवळजवळ गोठवलेलं. 1 सप्टेंबर 1940 ला जे भाडं होतं तेच प्रमाण. आजोबा द्यायचे तेच पुढे बाबा देत राहिले. मी कॉलेजात होते तेव्हा सगळे कर धरून महिना 14 रुपये. दोन्ही कायदे गरजेचे होते असं मी आजही म्हणेन. त्या 14 रुपयांमुळेच बाबांच्या कारकुनी पगारात आम्ही तिघं भावंडं शिकलो.

पण मृगाच्या आधी शाकारणी लागते. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, सरकलेली नीट बसवायची. मालककाका स्वतः शिडी लावून चढायचे. मग एक वर्षाआड चढायला लागले, मग तेही थांबलं. एका जुलैत आमच्या आतल्या खणात गळायला लागलं आणि आईनं पातेलं ठेवलं. बाबा तक्रार घेऊन ओटीवर गेले. काका शांतपणे म्हणाले, “चौदा रुपयांत कौलं किती येतात, तुम्हीच सांगा.” बाबा काही न बोलता परत आले. पातेलं पुढची कित्येक वर्षं तिथंच राहिलं. तोवर बाबांनी कोथरूडला फ्लॅट बुक केला होता. शंभरएक कौलं आम्ही आणू शकलो असतो. आणली नाहीत, कारण घर मालकाचं. आणि मालक आणत नव्हते, कारण राहत होतो आम्ही.

परवा मी नेमकी त्याच जागी उभी राहिले. सरकलेल्या कौलातून पाणी भिंतीत उतरतं, आणि भिंतीत तुळईचं टोक पुरलेलं असतं. बाहेरून तुळई अजून धडधाकट दिसते, तेलपाण्यानं काळी झालेली. टोकाला बोट लावलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. ओल्या भुशासारखा चुरा हाताला लागला, वाळवीची माती त्यात मिसळलेली. तीन हातांवरचा सागवानी खांब मात्र दगडी तळखड्यावर उभा, कोरडा खडखडीत. त्याच्यावर आईनं दरवर्षी आमची उंची मोजायला मारलेल्या कोयतीच्या खुणा आहेत. माझी सगळ्यात वरची खूण आता माझ्या हनुवटीला लागते.

विश्रामबागवाडा 1807 चा, पण आज उभा आहे, कारण दुसऱ्या बाजीरावानंतर तिथं पाठशाळा आली, कचेऱ्या आल्या, आणि छपराची निगा राखली गेली. भिडे वाड्यात 1848 ला मुलींची शाळा भरली, तरी तो वाद आणि पडझडीत अडकून राहिला आणि डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. आमच्या वाड्यात इतिहासात नोंदावं असं काही घडलं नाही. बाळंतपणं झाली, मुंजी झाल्या, दहावीचे निकाल लागले.

किल्ली परत द्यायला गेले तेव्हा सूनबाई म्हणाल्या, दिवाळीनंतर पाडकाम सुरू होईल; जुनं सागवान घेणारे खांब बघून गेलेत. मी तो एक खांब मागितला. त्या लगेच हो म्हणाल्या, पैशांचं काही बोलल्या नाहीत.

आमचे दोन खण कागदोपत्री अजून बाबांच्याच नावावर आहेत. त्यांच्या बदल्यात नव्या इमारतीत आम्हा भावंडांना एक घर मिळणार आहे. पुढच्या गुरुवारी करारावर सही करायला मलाही बोलावलंय.